गिऱ्हाईक

चंदनझिऱ्याला माझी पिठाची गिरणी.
पट्टा दोनदा शिवलेला, भाव पाटीवर खडूनं.
पलीकडं सळयांचे कारखाने,
जालन्याचं आभाळ त्या अंगाला रात्रभर तांबडं.

भट्टीवरच्या माणसांमागं बाया आल्या
दुमक्याच्या, गोड्ड्याच्या, बलांगीरच्या.
पत्र्याच्या बारा खोल्या, एका ओळीत.
मधला पत्रा असा, की शेजारणीची उचकी ऐकू यावी.
उचकी यायची ऐकू.
बाकीच्याला आम्ही बहिरे.

मी पण. खोटं कशाला बोलू.
ओठ फुटलेली बाई डबा घेऊन यायची,
मी विचारायची, बारीक का जाडं?

गिरणीचं एक बरं असतं,
चालू असली की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.
म्हणून बाया तिथंच बोलायच्या,
एकमेकींच्या कानाला तोंड लावून,
पापण्यांवर पीठ.
कुंतला उडियात, सोनवा तिच्या गावाकडच्या बोलीत,
आणि फुलमनी हेम्ब्रम संथालीत.

फुलमनी एकदा रिकाम्या हातानं आली.
म्हणाली, दाल.
म्हटलं, डाळ दळायची तर आण की बाई, डबा कुठाय?
दाल, दाल, ती म्हणत राहिली,
आणि मग तिनं बाही वर केली.
तिच्या भाषेत मारण्याला दाल म्हणतात.
मी पाच किलोचं माप हातात धरून उभी.

मग तो मंगळवार.
रांगेत मुकादम, दोन पोरं, सोनवाचा दीर.
सोनवा कुंतलाच्या कानात ओरडून सांगत होती
आणि लाईट गेली.
मोटर थांबली, पट्टा फडफडला,
जातं एकदा कण्हलं,
आणि तिचं वाक्य उघडं पडलं सगळ्यांसमोर:
गळ्यावर पाय ठेवला होता त्यानं.

कुणी हललं नाही.
दीर गव्हाच्या पोत्याकडं बघायला लागला.
मुकादमानं बिडी शोधली.
तेव्हा कुंतलानं डब्याचं झाकण काढलं
आणि गिरणीच्या लोखंडावर हाणलं.
पुन्हा हाणलं.
मग फुलमनीनं.
अंधारात मोजता आलं नाही किती झाकणं होती.

ठरवलं कुणीच नाही, पण ठरलं.
कुठल्याही खोलीतून तसला आवाज आला
की झाकण घेऊन त्या दारापुढं जायचं.
शिव्या द्यायच्या नाहीत. कडी वाजवायची नाही.
नुसतं उभं राहायचं आणि वाजवायचं,
तो बाहेर येईस्तोवर.

पोलीस ठाण्यात विचारलं, पत्ता?
एकीकडंही कागद नव्हता.
मी अर्जावर लिहिलं, मार्फत, मोकाटे पीठ गिरणी.
तिसऱ्या अर्जाला हवालदार हसला,
मोकाटेबाई, एका गिरणीत किती बाया राहायल्यात?
म्हटलं, मोजायला या.

सगळं नीट झालं असं नाही.
मुकादमानं दोन खोल्या रिकाम्या करून घेतल्या.
सोनवा नवऱ्याबरोबर औरंगाबादला गेली,
त्याच नवऱ्याबरोबर.
जाताना झाकण तेवढं घेऊन गेली,
डबा माझ्याकडंच आहे.

आता एक राहिलंय सांगायचं.
माझं घर गिरणीच्या मागं. नऊ इंची विटेची भिंत.
आवाज बाहेर जात नाही,
असं मी बावीस वर्षं धरून चालले होते.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री
यांनी हात उचलला, कशावरून ते आठवत नाही,
बहुतेक मिठावरून.

आणि अंगणात वाजायला लागलं.
मी कुणाला बोलावलं नव्हतं.
खिडकीतून पाहिलं:
फुलमनी पुढं, मागं दहा-बारा जणी,
एकीच्या कडेवर झोपलेलं पोर,
तांबड्या उजेडात झाकणं चमकायलेली.

यांचा हात तसाच वर.
कोण आहेत ह्या?

पदर खोचला. दाराची कडी काढली.
गिऱ्हाईक, म्हटलं.